धुळीचे वावडे : कारण अंथरुणातच

पहाटे उठताच शिंकांमागून शिंका येणे, नाक वाहणे, डोळ्यांना खाज सुटणे व रात्री छातीत घरघर होणे, ही लक्षणे अनेक मुलांत वारंवार आढळतात. ‘सर्दीची प्रकृती’ म्हणून त्यांकडे दुर्लक्ष केले जाते. मुलाची झोपमोड होते, शाळा बुडते. पुढे दम्याचा त्रासही उद्भवू शकतो. पुष्कळदा याचे मूळ अंथरुणातच असते.

घरातील धुळीत ‘माइट’ नावाचे सूक्ष्म जीव असतात. धुळीच्या अॅलर्जीशी त्यांचा असलेला संबंध नेदरलँड्समधील लायडन येथील फोरहोर्स्ट व स्पीक्स्मा या संशोधकांनी १९६० नंतरच्या दशकात दाखवून दिला. कोळी व गोचीड यांच्या वर्गातील हा आठ पायांचा जीव जेमतेम ०.३ मिलिमीटर लांबीचा असतो. तो चावत नाही. माणसाच्या त्वचेचा गळणारा कोंडा हे त्याचे अन्न. बाधते ती मुख्यतः त्याची विष्ठा. अंथरूण झटकताच तिचे कण हवेत उडतात व श्वासावाटे शरीरात जातात.

ओलावा हाच आधार

माइट पाणी पीत नाही. हवेतील बाष्प शोषून जगतो. हवेतील सापेक्ष आर्द्रता ७० ते ८० टक्के असल्यास त्याची वाढ जोमाने होते; ती दीर्घकाळ ५० टक्क्यांखाली राहिल्यास तो सुकून मरतो. म्हणूनच कोकणासारख्या दमट प्रदेशात व पावसाळ्यात विशेष दक्षता आवश्यक ठरते.

घरी काय करावे?

चादरी, अभ्रे व पांघरुणे आठवड्यातून एकदा ५५ ते ६० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात धुवावीत. गाद्या, उशा व गोधड्या कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवाव्यात. उन्हाने माइट मेले तरी त्यांचे अवशेष व विष्ठा कापसात राहतात. म्हणून अंथरूण घराबाहेर झोडपून झटकावे. हे काम रुग्णाने करू नये. केर काढण्यापेक्षा ओल्या फडक्याने फरशी पुसणे हितावह. निजायच्या खोलीत ओले कपडे वाळत घालू नयेत व पाऊस नसताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात. एखादाच उपाय करून फारसा लाभ होत नाही. सर्व उपाय एकत्रितपणे व नियमाने करावे लागतात.

औषधोपचाराची जोड

स्वच्छता हा औषधाला पर्याय नव्हे. धाप लागत असल्यास रुग्णास विनाविलंब वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे न्यावे. श्वासावाटे घ्यावयाच्या औषधाची, म्हणजे ‘पंपा’ची, सवय लागते हा समज निराधार आहे. हे औषध थेट श्वासनलिकांत पोहोचत असल्याने अल्प मात्रेत गुण देते. बरे वाटताच ते परस्पर बंद करू नये.

वारंवार शिंकणाऱ्या किंवा धापा टाकणाऱ्या विद्यार्थ्याची शिक्षकांनी पालकांना वेळीच जाणीव द्यावी. वसतिगृहे व आश्रमशाळांतील अंथरुणे पावसाळ्यापूर्वी व पावसाळा संपताच उन्हात घालण्याची व्यवस्था व्हावी. पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत हा विषय मांडल्यास, खर्चाचा विशेष भार न पडता अनेक मुलांना रात्रीची शांत झोप लाभेल.