डोळ्यातला जंत आणि पडद्याचा फोटो

घरातल्या कुणाला आकडी आली, डोक्याचा स्कॅन झाला, ‘मेंदूत जंताची गाठ आहे’ असे निघाले आणि जंत मारायच्या गोळ्यांची चिठ्ठी हातात आली, तर डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारावा : डोळ्यांचा पडदा तपासायचा राहिला का?

हा प्रश्न आगाऊपणाचा नाही. मेंदूत गाठ करणारी पट्टकृमीची अळी डोळ्यातही जाऊन बसू शकते. अल्बेंडाझोलसारख्या गोळीने ती डोळ्यातच मेली, तर तिच्याभोवती मोठी सूज येते आणि त्या डोळ्याची नजर कायमची जाऊ शकते. म्हणून गोळ्या सुरू करण्याआधी पडदा बघून घ्यायचा असतो. डोळ्यातली अळी बहुधा शस्त्रक्रियेने बाहेर काढतात. आकडीची गोळी मात्र या तपासणीसाठी एक दिवसही बंद करू नये.

तपासणी साधी आहे. डोळ्यात थेंब टाकून बाहुली मोठी करतात आणि कॅमेऱ्याने आतल्या पडद्याचा फोटो काढतात. सुई नाही, दुखत नाही. निरोगी पडदा नारिंगी-तांबूस दिसतो. अळी असेल तर पाण्याच्या फुग्यासारखी पारदर्शक गोळी दिसते आणि तिच्यात एक पांढरा ठिपका. तो ठिपका म्हणजे अळीचे डोके. डॉक्टर बघत असताना कधी ती हलतेसुद्धा! डोळा आतून गढूळ झाला असेल तर फोटोत काही येत नाही. मग डोळ्याची सोनोग्राफी करतात.

आता ज्या गोष्टीवरून आपल्या माणसांना टोमणे ऐकावे लागतात, तिच्याबद्दल. ‘डुकराचे मटण खाता, म्हणून डोक्यात जंत झाले’ हे बोलणे अर्धवट माहितीचे आहे. कच्चे राहिलेले, अळीचे दाणे असलेले मटण खाल्ले तर खाणाऱ्याच्या आतड्यात लांब पट्टकृमी वाढतो. मेंदूत आणि डोळ्यात जाणारी अळी मात्र अंड्यातून येते. ती अंडी पट्टकृमी असलेल्या माणसाच्या शौचातून बाहेर पडतात आणि न धुतलेला हात, सांडपाण्यावरची भाजी, दूषित पाणी यांतून कुणाच्याही पोटात जातात. जन्मात मटण न खाल्लेल्यालाही हा आजार होतो. तेव्हा प्रश्न जातीचा नाही, संडासाचा आणि पाण्याचा आहे. मटण आतपर्यंत नीट शिजवावे, कच्ची भाजी चांगली धुवावी हे आपल्या हातात आहे. उघडे गटार आणि बंद पडलेला सार्वजनिक संडास ही नगरपालिकेची जबाबदारी, तिथे अर्ज द्यावाच लागेल.

डोळ्याच्या आत बघायचे उपकरण जर्मनीत हेल्महोल्ट्झ यांनी 1851 साली केले. त्यानंतर बर्लिनच्या ग्राफे या डॉक्टरांना रुग्णांच्या डोळ्यांत हीच अळी दिसू लागली. पुढे तिथे मांसाची तपासणी सक्तीची झाली आणि असे रुग्ण कमी होत गेले. म्हणजे व्यवस्था सुधारली की हा रोग हटतो.

दुसराही एक बारीक जंत आहे, जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा. तो पडद्याखाली फिरतो, बहुधा एकाच डोळ्यात, आणि जास्त करून मुलांमध्ये व तरुणांमध्ये सापडतो. लवकर दिसला तर लेझरने मारता येतो. पण तो जागा बदलतो, म्हणून फोटो पुन्हा पुन्हा काढावे लागतात. एका डोळ्याने कमी दिसते हे मुलाला स्वतःला कळत नाही, कारण दुसरा डोळा काम भागवतो. महिन्यातून एकदा मुलाचा एक-एक डोळा तळहाताने झाका आणि भिंतीवरचे कॅलेंडर वाचायला लावा. एका डोळ्याने अक्षर पुसट दिसत असेल, तर चष्म्याच्या दुकानात नव्हे, डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या.

शाळेत, अंगणवाडीत जंतनाशक दिनाला मिळणारी एक गोळी या भीतीने नाकारू नका. ती पोटातल्या जंतांसाठी आहे आणि मुलांना हवीच. मुलाला आकडी येत असेल किंवा एका डोळ्याने कमी दिसत असेल, तर तेवढे गोळी देणाऱ्या ताईंना आधी सांगा.

पडद्याच्या तपासणीसाठी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील नेत्र विभागात विचारा. जाताना जुना स्कॅन आणि सगळ्या चिठ्ठ्या घ्या. थेंबांमुळे काही तास धूसर दिसते, उजेड खुपतो. त्या दिवशी गाडी चालवू नका, सोबत कुणाला तरी न्या.