चौदा रात्रींवरून एका गोळीवर

‘अंगावरून पांढरं जातंय, खाज सुटलीय’ हे सांगताना आजही बाईचा आवाज खाली येतो. यामागच्या योनीतल्या बुरशीवरची औषधं मात्र सत्तर वर्षांत खूप बदलली. त्याआधी जेन्शन व्हायोलेट लावायचं. आराम पडो न पडो, कपडे जांभळे व्हायचेच.

१९५० साली दोघीजणींनी हे चित्र पालटलं. न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात एलिझाबेथ हेझन न्यूयॉर्क शहरात मातीतले जंतू वाढवायच्या आणि बरण्या टपालानं ऑल्बनीला पाठवायच्या. तिथं रेचल ब्राउन त्यातलं रसायन वेगळं काढायच्या. व्हर्जिनियातल्या ओळखीच्या शेतावरच्या मातीत हवं ते सापडलं. राज्याच्या नावावरून औषध झालं ‘निस्टॅटिन’. स्वामित्वधनाचे एक कोटीहून जास्त डॉलर दोघींनी संशोधनाला देऊन टाकले. औषध उत्तम, पण चौदा रात्री योनीत गोळी ठेवायची. चार दिवसांत खाज थांबली की उरलेल्या गोळ्या डब्यातच राहणार.

सत्तरच्या दशकात क्लोट्रिमॅझोल आलं आणि रात्री कमी झाल्या. १९९४ मध्ये अमेरिकेत फ्लुकोनॅझोलची १५० मिलिग्रॅमची, एकदाच पोटात घ्यायची गोळी या दुखण्यासाठी मंजूर झाली. साध्या संसर्गाला ती पुरते. पण ती बुरशीची वाढ रोखते, बुरशी मारतेच असं नाही. वारंवार त्रास होणाऱ्या बायकांचा २००४ सालचा अभ्यास बघा: सहा महिने आठवड्याला एक गोळी घेताना सुमारे ९१ टक्के जणी बऱ्या राहिल्या, गोळी थांबवून आणखी सहा महिने झाले, तेव्हा ४३ टक्केच.

आपल्याकडे सरकारी दवाखान्यांत हिरवं किट आलं: फ्लुकोनॅझोल आणि इतर जंतूंवरचं सेक्निडॅझोल एकत्र, लक्षणं पाहून द्यायचं. जिथं तपासणीची सोयच नाही तिथं हे शहाणपणाचं. पण शहरातही केमिस्टकडून गोळी परस्पर घ्यायची सवय लागली, याला मी प्रगती म्हणणार नाही. काचपट्टीवर स्राव घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला फार वेळ लागत नाही. खाजेमागं बुरशी नसेल तर गोळी वाया जाते. असली तरी ती ‘ग्लाब्राटा’ जातीची असू शकते, आणि तिला फ्लुकोनॅझोल अनेकदा जुमानत नाही.

२०२२ मध्ये अमेरिकेत वारंवारच्या त्रासासाठी ओटेसेकोनॅझोल आलं, पण गर्भधारणेची शक्यता असलेल्यांसाठी नाही. ‘ग्लाब्राटा’साठी मात्र डॉक्टर अजून बोरिक अॅसिडची ६०० मिलिग्रॅमची कॅप्सूल देतात. पोटात गेली तर विषारी, गरोदरपणात वर्ज्य, आणि ठेवायची पुन्हा चौदा रात्री.