दादवरचे मलम आणि कातडीचा पोत

उन्हाळ्यात सिटी चौक, शहागंजच्या कापड दुकानांत दहा-दहा तास गादीवर बसणारे व्यापारी आणि हिमरूच्या मागावर बसणारे कारागीर यांना जांघेत दाद (नायटा) होणे ही जुनीच तक्रार आहे. डॉक्टरकडे जायला वेळ नाही, म्हणून मेडिकलवाल्याकडून एक ट्यूब घेतली जाते. दोन दिवसांत खाज थांबते, तसल्ली होते. महिन्याभरात दाद दुप्पट होऊन परत येते.

असे का होते, हे कापडवाल्याला समजावणे सोपे आहे. कातडीचा वरचा थर म्हणजे मृत पेशींचे घट्ट विणलेले कापड, मध्ये चरबीची खळ. जाडी मिलिमीटरचा शंभरावा-पन्नासावा भाग. पण सगळ्या अंगाचा पोत एक नाही. 1967 साली अमेरिकेत फेल्डमन व मायबाख यांनी हायड्रोकॉर्टिसोन हे औषध लावून मोजले. हाताच्या पुढच्या भागातून जितके आत गेले, त्याच्या सहापट कपाळातून आणि बेचाळीसपट अंडकोषाच्या कातडीतून गेले! तळहातावर खादी म्हणावी तर इथे मलमल आहे. त्यात घाम आणि तंग कपडा असला की औषध आणखी मुरते.

हृदयाच्या रोग्यांना नायट्रोग्लिसरीनची पट्टी चिकटवतात, ती याच वाटेने रक्तात पोहोचते. मग आपले मलम वरवरच राहते, असे कसे मानावे?

या मिश्र मलमांत बुरशीच्या औषधाबरोबर बहुधा जोरदार स्टेरॉइड असते. ते लाली व खाज दाबते, पण कातडीची बुरशीशी लढण्याची ताकदही दाबते. दाद आतल्या आत पसरते, कातडी पातळ होऊन तिच्यावर पांढरट-लाल चरे उठतात. मोठ्या भागावर महिनोन्‌महिने लावले तर साखर व रक्तदाबावरही परिणाम होऊ शकतो.

सरकारने 2018 साली अशी 14 स्टेरॉइड मलमे शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. बाजारात काय चालते ते आपण जाणताच. कापड घेताना आपण काठ उलटून पाहतो, तशी ट्यूबही उलटून पाहावी. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी नाव दिसले की दादवर स्वतःहून लावू नये. जे आधीपासून लावत आहेत त्यांनी ती ट्यूब घेऊन घाटी रुग्णालयातील त्वचारोग विभागात किंवा आपल्या डॉक्टरांकडे जावे. एकदम बंद केले तर खाज उसळते, म्हणून कसे सोडायचे ते त्यांनाच विचारावे.