प्रश्नांचे सभागृह

महाराष्ट्राच्या विधानसभेची आठवण सर्वसामान्य माणसाला होते ती बहुधा निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी. एकंदर जागा २८८, बहुमतास १४५, कोणाकडे किती आणि कोण कोणाच्या बाजूला, एवढ्या बेरीज-वजाबाकीत या संस्थेचे सारे स्वरूप सामावले आहे असा समज मग पुढची पाच वर्षे कायम राहतो. मंत्रिमंडळाला आधार देणे किंवा तो काढून घेणे हे या सभागृहाचे काम आहेच, आणि संविधानाने मंत्रिमंडळ सामुदायिकपणे जबाबदार धरले आहे तेही विधानसभेलाच. तथापि सरकार एकदा अधिकारारूढ झाले म्हणजे त्याच्याकडून कारभाराचा झाडा नित्य मागत राहण्याचे जे काम उरते, त्यातच या संस्थेचा प्राण आहे असे माझे मत आहे.

१९३५ च्या कायद्यान्वये मुंबई प्रांतात १९३७ साली जी विधानसभा अस्तित्वात आली, तिचे सदस्य १७५ होते, आणि मुंबईत ती ज्या वास्तूत भरे ती मुळात खलाशांच्या निवासासाठी बांधलेली होती. राज्याच्या पोलीस दलाचे मुख्यालय आज तेथेच आहे. गणेश वासुदेव मावळंकर हे त्या विधानसभेचे अध्यक्ष, आणि पुढे लोकसभेचे पहिले अध्यक्षही तेच झाले. त्याच वर्षी १७ सप्टेंबर रोजी, पुण्याच्या अधिवेशनात, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोत म्हणजे सरकार आणि कूळ यांच्या मध्ये बसलेला वसुलीचा धनी. त्याच्या जाचाची कैफियत तोवर गावच्या चावडीपर्यंत किंवा फार तर मामलेदार कचेरीपर्यंत पोहोचत होती, ती या विधेयकाने प्रांताच्या सर्वोच्च सभागृहात येऊन उभी राहिली. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकरी मोर्चाने मुंबईच्या कौन्सिल हॉलवर आले. विधेयक संमत झाले नाही. खोती नष्ट करणारा कायदा व्हायला १९४९ साल उजाडले. या बारा वर्षांकडे पाहून बाबासाहेबांचा तो प्रयत्न वाया गेला असे कोणी म्हणेल, पण मला तसे वाटत नाही. कारण ज्या अन्यायाची नोंद सभागृहाच्या कामकाजात एकदा झाली, तो आपल्याला ठाऊकच नव्हता असे म्हणण्याची सोय त्यानंतरच्या कोणत्याही सरकारला राहत नाही.

संयुक्त महाराष्ट्र १ मे १९६० रोजी अस्तित्वात आला तेव्हा सदस्यसंख्या २६४ होती. १९७८ पासून ती २८८ झाली, आणि १९८१ च्या एप्रिलमध्ये नरिमन पॉइंट येथील नव्या विधान भवनाचे उद्घाटन झाले. विदर्भ महाराष्ट्रात आला तो १९५३ च्या नागपूर करारातील अभिवचने घेऊन, आणि त्यातील एकाचे पालन म्हणून वर्षातून एक अधिवेशन नागपुरास भरते. त्या दिवसांत दप्तरे, सचिव आणि मंत्री यांच्यासह अवघे शासनच विदर्भाच्या दारी जाते, आणि मुंबईची वाट ज्यांना परवडत नाही असे मोर्चेकरी तेथे येऊन थडकतात.

परंतु या यंत्राची खरी गती पाहायची असेल तर एखाद्या तारांकित प्रश्नाचा माग काढावा. समजा, एखाद्या आडवळणाच्या तालुक्यात पाझर तलावाचे काम कागदोपत्री पुरे झाले आहे आणि जागेवर पाणी नाही. तेथील आमदार अधिवेशनाच्या कित्येक दिवस आधी लेखी सूचना देतो. विधानमंडळ सचिवालय ती नियमांच्या कसोटीवर घासून पाहते, तीतील तर्क, आरोप आणि विशेषणे गाळते, आणि उरतो तो खास सरकारी घडणीचा प्रश्न: अमुक गावच्या तलावाचे काम निकृष्ट झाल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय. असल्यास, उक्त प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय. नसल्यास, विलंबाची कारणे काय? हा कागद मंत्रालयातून जिल्हाधिकाऱ्याकडे, तेथून तहसीलदार आणि अभियंत्याकडे, आणि शेवटी जो कोणी त्या बांधावर प्रत्यक्ष जाऊ शकतो त्याच्याकडे उतरतो, आणि माहिती घेऊन त्याच पायऱ्यांनी परत चढतो. वर्षानुवर्षे ज्या फाइलीवरची धूळ झटकली गेली नव्हती ती या एका कागदामुळे उघडते, आणि कित्येकदा तर उत्तराची तारीख जवळ आली म्हणूनच रखडलेले काम सुरू होते. सभागृहात ‘हे अंशतः खरे आहे’ एवढे छापील उत्तर आले तरी तेथे प्रकरण संपत नाही. कोणता अंश खरा, हे विचारण्यासाठीच उपप्रश्न असतात, आणि ज्याने गावी जाऊन तलाव पाहिला आहे अशा सदस्यासमोर केवळ टिपणावर विसंबलेल्या मंत्र्याची परीक्षा होते ती याच घटकेला.

ही विद्या ज्यांनी आयुष्यभर जोपासली त्यांत शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख यांचे नाव आदराने घ्यावे लागते. सांगोल्यासारख्या अवर्षणप्रवण तालुक्यातून ते अकरा वेळा निवडून आले आणि त्यांतील बहुतेक काळ विरोधी बाकांवरच बसले. मृणाल गोरे यांनी मुंबईच्या उपनगरांतील पाण्याचा प्रश्न ज्या निष्ठेने लढविला, तीच निष्ठा घेऊन त्या या सभागृहात आल्या. दुष्काळाच्या अनुभवातून निघालेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ साली कायद्याचे रूप मिळाले. मागेल त्याला काम हे आश्वासन कायद्याच्या कलमांत बांधून देणारे सभागृह या देशात दुर्मीळ, आणि त्याचा मला विलक्षण अभिमान वाटतो.

मंत्र्याने भर सभेत दिलेला शब्द हवेत विरून जाऊ नये यासाठी आश्वासन समिती आहे. तो शब्द कामकाजातून वेचून काढावा, संबंधित खात्याला त्याची याद द्यावी, आणि पूर्तता झाली की नाही हे सभागृहाला कळवावे, हे तिचे काम. लोकलेखा समिती खर्चाचे लेखे तपासते. वृत्तपत्रांत या समित्यांना चार ओळींपलीकडे जागा मिळत नाही, याची मला खंत वाटते. त्याहून मोठी खंत प्रश्नोत्तराचा तास गोंधळात वाहून जातो तेव्हाची. त्या दिवशीची लेखी उत्तरे पटलावर येतात, पण उपप्रश्न विचारले जात नाहीत, आणि खात्याने लिहून दिले तेच अखेरचे ठरते.

माझी एक साधी सूचना आहे. ज्या गावाविषयी विधानसभेत प्रश्न विचारला गेला असेल, त्या गावच्या ग्रामपंचायतीकडे प्रश्न, उत्तर आणि उपप्रश्नांसह त्या चर्चेची छापील प्रत महिन्याभरात जावी, आणि पुढच्या ग्रामसभेत ती मोठ्याने वाचून दाखवावी.