दुनळीचे वय नळीखाली वाचा

परभणी जिल्ह्यातला सेलू तालुका 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या काळातली बारा बोरची दुनळी बंदूक वाड्यात असेल, तर वरच्या नावावरून वय ठरवू नका. कोलकात्याच्या मँटन किंवा रोडा या पेढ्यांचे नाव कोरलेल्या कित्येक बंदुका घडल्या बर्मिंगहॅमला. खरी जन्मपत्रिका नळीच्या खालच्या बाजूला असते. तिथे चाचणीगृहाचे ठसे असतात. ‘नॉट फॉर बॉल’ ही इंग्रजी अक्षरे दिसली, तर नळी साधारण 1875 ते 1887 मधली. अंडाकृती चौकटीत मुकुटाखाली ‘ईएलजी’ असेल, तर ती बेल्जियमच्या लिएजची. तिथे 1922 पासून दर वर्षासाठी एकेक अक्षर ठोकले जाई.

नळीवर लाटांसारखी नक्षी दिसली, तर ती दमास्कस प्रकारची. अशा नळीत आजचे काडतूस घालणे जिवावर बेतू शकते.

किंमत ठरते ती कारागिराचे नाव, नळीच्या आतली स्थिती आणि मूळ दस्ता यांवर. म्हणूनच नळी घासून चकचकीत करू नका. जुना रंग गेला की मोलही उतरते.

कागद मात्र आधी पाहा. 2019 च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात. वारसा म्हणून आलेली बंदूकही परवान्याशिवाय घरात ठेवणे गुन्हा आहे. परवानाधारक गेला असेल, तर बंदूक आधी पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करा आणि मगच परभणीच्या जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज द्या.