क्रूझवरचा वेळ: आखणी कशी करावी? 🚢

मुंबईहून गोवा, लक्षद्वीपकडे जाणारी कॉर्डेलिया क्रूझ कंपनीची ‘एम्प्रेस’ ही १९९० सालची, अकरा मजली बोट. मुंबईतून तिच्या फेऱ्या सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झाल्या. पिंपरी-चिंचवड, चाकणच्या अनेक कारखान्यांची सुटी गुरुवारी असते, त्यामुळे तिथल्या कामगारांना आधी रजा आणि फेरीचे वार जुळवावे लागतात.

🔹 पहिला दिवस: सुरक्षा कवायत सर्वांना सक्तीची. बाकी बेत त्यानंतरचे.
🔹 सकाळ: ऊन चढण्याआधी पोहण्याचा तलाव, चढाईची भिंत.
🔹 दुपार: मुलांचा विभाग, आत बसून खेळायचे खेळ.
🔹 रात्र: नाट्यगृहातले कार्यक्रम. त्यांच्या वेळेनुसार जेवणाची पाळी ठरवावी.

जेवण आणि बहुतेक कार्यक्रम तिकिटातच येतात. स्पा, मद्य आणि कॅसिनोचा खर्च वेगळा. भर समुद्रात मोबाइलची रेंज जाते, म्हणून दिवसाचे वेळापत्रक बोटीवर चढताच टिपून घेतलेले बरे.