गाडी ‘टोटल लॉस’ झाली तर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

गळीत हंगामात कोडोलीहून वाठारकडे रात्री गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला एक भीती ठाऊक असते. पुढे रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली उभी असते आणि ती दिसेपर्यंत ब्रेक दाबायला वेळ उरत नाही. पावसाळ्यात भीती पाण्याची. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत कोल्हापूर-सांगली पट्ट्यात दारात उभ्या असलेल्या गाड्या बुडाल्या. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गही पाण्याखाली गेला. अशा वेळी गॅरेजवाला ‘टोटल लॉस’ म्हणतो आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. त्यांतले बरेच सल्ले चुकीचे असतात आणि त्यापायी माणसं हक्काचे पैसे सोडून देतात.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. टोटल लॉसची रक्कम मुख्यतः पॉलिसी घेतली त्या दिवशीच ठरते. अपघातानंतर भांडायला जागा उरते ती काही ठरावीक आकड्यांवर. ते आकडे कोणते, हे कळलं तर बोलणी आपल्या बाजूने होऊ शकतात.

गैरसमज: गाडीचा चेंदामेंदा झाला म्हणजे टोटल लॉस.

वस्तुस्थिती: दिसण्यावर काही ठरत नाही, हिशेबावर ठरतं. गाडी उचलून आणण्याचा आणि दुरुस्तीचा, पॉलिसीच्या अटींनुसार धरलेला खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत जाहीर केलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला तर टोटल लॉस.

‘पॉलिसीच्या अटींनुसार’ हे शब्द इथे फार महत्त्वाचे आहेत. समजा, आयडीव्ही ५,६०,००० रुपये आहे. त्याचे ७५ टक्के होतात ४,२०,०००. गॅरेजचं एस्टिमेट ५,१०,००० आलं, म्हणून मालक टोटल लॉस धरून चालतो. पण साध्या पॉलिसीत रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी यांवर ५० टक्के घसारा कापतात आणि लोखंडी पार्टवर गाडीच्या वयानुसार. विमा कंपनीने नेमलेल्या सर्व्हेअरने घसारा वजा जाता खर्च ४,१०,००० धरला, तर गाडी दुरुस्तीत बसते आणि वरचा लाख मालकाच्या खिशातून जातो. तीच पॉलिसी ‘झिरो डेप’, म्हणजे पार्टवरचा घसारा न कापणारी, असेल तर सगळं गणित पालटतं. म्हणून सर्व्हेअरने कुठल्या पार्टवर किती घसारा लावला, त्याची यादी मागून घ्या.

गाडी खोलल्यावर आतलं नुकसान दिसलं, तर वाढीव एस्टिमेट देऊन पुन्हा पाहणी करायला सांगा. पुरातल्या गाडीत हे हमखास होतं. वरून धुऊन पुसलेली गाडी चांगली दिसते. कार्पेट उचललं की खाली गाळाचा थर, सीटच्या फोममध्ये पाणी आणि वायरिंगच्या जोडांवर हिरवा गंज.

गैरसमज: शोरूमची किंमत किंवा बाजारभाव मिळतो.

वस्तुस्थिती: आयडीव्ही मिळते. गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या यादीतल्या, पॉलिसी घेतानाच्या विक्री किमतीतून गाडीच्या वयाप्रमाणे घसारा वजा करून ती काढतात: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५०. आरटीओचा खर्च आणि विम्याचा हप्ता यात धरत नाहीत. नंतर बसवलेल्या ॲक्सेसरीज पॉलिसीत वेगळ्या नोंदवलेल्या असतील तरच मोजल्या जातात.

पाच वर्षांहून जुन्या गाडीची आयडीव्ही विमा कंपनी आणि मालक मिळून ठरवतात. खरी घासाघीस इथेच करायची. त्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या गाड्या कोल्हापुरात काय भावाने विकल्या जातात ते पाहा आणि नूतनीकरणाच्या वेळी तो आकडा पुढे ठेवा. “हप्ता कमी बसवून देतो” म्हणणारा एजंट पुष्कळदा आयडीव्हीच खाली आणत असतो. हप्त्यात वाचलेले हजार-पाचशे क्लेमच्या वेळी लाखाने वसूल होतात. नव्या गाडीला पूर्ण खरेदी किंमत हवी असेल तर ‘रिटर्न टू इनव्हॉइस’ हे जोड संरक्षण पॉलिसी घेतानाच घ्यावं लागतं.

गैरसमज: टोटल लॉसमध्येही अपघाताच्या दिवसापर्यंतचा घसारा कापतात.

वस्तुस्थिती: नाही. पॉलिसीच्या अख्ख्या मुदतीत आयडीव्ही हीच गाडीची किंमत मानली जाते, मग अपघात पहिल्या महिन्यात होवो की अकराव्या. पार्टनिहाय घसारा दुरुस्तीच्या क्लेमला लागतो, टोटल लॉसच्या रकमेला लागत नाही. सक्तीची वजावट मात्र होते. खासगी कारसाठी ती १५०० सीसीपर्यंत १,००० आणि त्यावर २,००० रुपये असते. याहून जास्त काही कापलं असेल तर कुठल्या कलमाखाली, ते लेखी विचारा.

गैरसमज: पूर म्हणजे दैवी आपत्ती, विमा मिळत नाही.

वस्तुस्थिती: स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून देणाऱ्या पॉलिसीत पूर आणि वादळ हे धोके धरलेले असतात. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर मात्र स्वतःच्या गाडीचं काहीच मिळत नाही.

पाणी ओसरल्यावर गाडी ‘एकदा स्टार्ट करून बघण्याचा’ मोह टाळा. इंजिनमध्ये पाणी असताना किल्ली फिरवली तर कनेक्टिंग रॉड वाकतात, आणि हे नुकसान पुरामुळे झालं नाही, चालू केल्यामुळे झालं, असं म्हणून कंपनी ते नाकारू शकते. ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे जोड संरक्षण घेतलेलं नसेल तर हा वाद हमखास उभा राहतो. त्यापेक्षा बॅटरीची वायर काढा, पाण्याची रेघ कुठवर आली त्याचे फोटो काढा, कंपनीला लगेच कळवा आणि गाडी टो करूनच हलवा.

गैरसमज: सर्व्हेअरने लिहिलं तो शेवटचा शब्द.

वस्तुस्थिती: सर्व्हेअरचा अहवाल महत्त्वाचा असतो, पण ती काळ्या दगडावरची रेघ नव्हे. तो कंपनीवर किंवा ग्राहकावर बंधनकारक नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स विरुद्ध प्रदीप कुमार या खटल्यात स्पष्ट केलं. अहवालाची प्रत मागा. त्यातला एखादा पार्ट, मजुरी किंवा दर चुकला असेल तर अधिकृत वर्कशॉपचं कोटेशन जोडून लेखी हरकत घ्या. ‘रक्कम कमी वाटते’ या वाक्याने काही हलत नाही. ‘अमुक ओळीतला दर चुकीचा आहे, हे कोटेशन’ याला उत्तर द्यावं लागतं.

गैरसमज: भंगाराची किंमत कंपनी म्हणेल ती.

वस्तुस्थिती: मोडकी गाडी कंपनीने घेतली तर तुम्हाला आयडीव्हीतून वजावट जाता उरलेली रक्कम मिळते. गाडी तुम्ही ठेवली तर त्यातून भंगाराची किंमतही वजा होते. ही किंमत खरेदीदारांच्या बोलींवरून ठरते. ५,६०,००० च्या गाडीत भंगार दीड लाखाचं धरलं, तर हातात ४,०९,००० येतात. भंगाराचा आकडा फुगवला की तुमचा चेक तेवढाच आटतो. म्हणून बोली लावणाऱ्याचं नाव आणि रक्कम लेखी मागा. “या भावाला खरंच गिऱ्हाईक असेल तर गाडी तुम्हीच घ्या,” असं म्हणण्याची वाट तुम्हाला मोकळी असते.

गैरसमज: गाडी दिली, चेक आला, सुटलो.

वस्तुस्थिती: कर्ज असेल तर पैसे आधी बँकेच्या थकबाकीत जातात, आणि थकबाकी जास्त असेल तर उरलेली तुम्हालाच फेडावी लागते. त्याहून मोठा धोका आरसीचा, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राचा. कागदोपत्री गाडी तुमच्या नावावर राहिली आणि ती कुणी रस्त्यावर आणली, तर अपघाताची भरपाई तुमच्या अंगावर येऊ शकते. भरपाईसाठी नोंदणीकृत मालकालाच मालक धरलं जातं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये पुन्हा सांगितलं आहे. त्या मोडक्या गाडीचा चासी नंबर चोरीच्या गाडीला लावला जाण्याचीही भीती असते. गाडी कायमची निकामी झाली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे मालकाने १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसी जमा करायची असते.

गैरसमज: क्लेमची रक्कम मान्य असल्याच्या व्हाउचरवर सही केली की दाद मागता येत नाही.

वस्तुस्थिती: दबावाखाली किंवा दिशाभूल करून सही घेतली असेल, तर तेवढ्यावरून हक्क जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येच सांगितलं, आणि विमा नियामक इर्डानेही २०१५ च्या परिपत्रकात कंपन्यांना तशी ताकीद दिली. तरी दबाव सिद्ध करायची वेळ स्वतःवर आणू नका. रक्कम मान्य नसेल तर सहीपूर्वीच ईमेलने हरकत नोंदवा.

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे अर्ज करता येतो. कोल्हापूर जिल्हा पुण्याच्या कार्यालयाखाली येतो. ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात. फी नाही, वकील लागत नाही, आणि निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही दोन वर्षांपर्यंत खुला असतो. मात्र आयोगात प्रकरण दाखल केलं की लोकपालाकडे जाता येत नाही, तेव्हा क्रम आधी ठरवा.

हे सगळं अपघातानंतर वाचायची वेळ येऊ नये. आज घरातली पॉलिसी काढा आणि तीन गोष्टी पाहा: आयडीव्ही किती आहे, झिरो डेप आणि इंजिन प्रोटेक्ट आहे का, ॲक्सेसरीज नोंदवल्या आहेत का. आयडीव्ही कमी वाटली तर पुढच्या नूतनीकरणाला एजंटला हप्ता नंतर विचारा, आयडीव्ही आधी.